खुर्ची हलली, पण कुणाची?

“छान झालं हो. आता पुढचं कधी घेणार?” असं आजींनी विचारलं तेव्हा सेटवर टाळ्या वाजत होत्या, त्यामुळे ते कुणाला धड ऐकूच आलं नाही. सिनेमाचा शेवटचा शॉट नुकताच ओके झाला होता. अंधारी खोली, चाकांच्या खुर्चीत बसलेला घराचा मालक, हातात उशी घेऊन त्याच्या अंगावर चालून येणारा पुतण्या. तेवढ्यात दिवे जातात, काळोखात खुर्ची ‘कुईऽऽ’ अशी कुरकुरते आणि समाप्त. दिग्दर्शक इतका खुशीत होता की बाकीच्यांच्या टाळ्या थांबत आल्या तरी त्याची चालूच होती.

“पुढचं म्हणजे काय आजी?” त्याने विचारलं. “संपलं की.”

“संपलं कसं? अजून तो उठायचाय ना.”

“कोण उठायचाय?”

“अहो, हा खुर्चीतला! सगळ्यांना वाटतं याला उठता येत नाही, आणि शेवटी हा उठून त्या मेल्याच्या मागे उभा राहतो. तोच तर शेवट.” एवढं बोलून आजींनी गपकन तोंडावर हात ठेवला. “अगं बाई! सांगितलं की मी!”

आता दिग्दर्शकाच्याही टाळ्या थांबल्या. सगळ्यांच्या माना हळूहळू चाकांच्या खुर्चीकडे वळल्या. खुर्चीतल्या नटाने त्या माना बघितल्या, आणि मग तो नुसता दिग्दर्शकाकडे बघत राहिला. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

या दिग्दर्शकाला सगळे ‘वनटेक’ म्हणत. गेली कित्येक वर्षं तो दोन जावांच्या भांडणाची एक मालिका काढत होता. रोजचा भाग रोज द्यायचा, त्यामुळे दुसरा टेक घ्यायची चैन त्याला कधी परवडलीच नव्हती. नट संवाद विसरला तर ‘भावनेच्या भरात शब्द फुटेना’ असं समजायचं, मागची भिंत हलली तर ‘प्रेक्षक जावांकडे बघतील’ असं म्हणायचं आणि पुढे जायचं. ही सवय घरापर्यंत पोचली होती. आमटी कशी झालीय असं बायकोने विचारलं, की हा घास तोंडात जायच्या आधीच “ओके, पुढे!” म्हणायचा.

एकदा तरी स्वतःचं म्हणावं असं काही करावं, ही त्याची जन्माची हौस. चॅनेलने ‘खुर्ची हलली’ हा जुना रहस्यपट टीव्हीसाठी नव्याने काढायचं ठरवलं, तेव्हा तो चॅनेलच्या बाईंच्या केबिनबाहेर इतके दिवस बसला की शिपाई त्याला नवीन भरती समजून फायली द्यायला लागला होता. शेवटी बाईंनी त्याला सिनेमा दिला. त्याचा छळ थांबावा म्हणून दिला असं लोक म्हणतात, लोकांचं काय!

‘खुर्ची हलली’ची एक गंमत होती. तो पहिल्यांदा लागला तेव्हा मध्यंतरानंतर पडद्यावर अक्षरं उमटायची: ‘उजवा हात वर करा आणि शपथ घ्या, या चित्रपटाचा शेवट मी कुणालाही सांगणार नाही.’ सगळं थिएटर हात वर करायचं. आणि ती पिढी अशी चिवट, की शपथ घेतली म्हणजे घेतली. नवऱ्यांनी बायकांना सांगितलं नाही, आयांनी पोरांना सांगितलं नाही. किती तरी माणसं तो शेवट पोटात घेऊनच वर गेली. पुढे सिनेमाचं शेवटचं रीळ कुठेतरी गहाळ झालं, आणि उरलेली प्रत दिवे जाऊन खुर्ची कुरकुरते तिथेच तुटायला लागली. नव्या पिढीला वाटलं, हाच शेवट! नुसतं वाटलं असतं तर ठीक होतं, त्यांनी तो डोक्यावर घेतला. वनटेकने तर एका शिबिरात त्यावर लांबलचक व्याख्यान ठोकलं होतं. “हा शेवट नव्हे मित्रांनो, हे प्रश्नचिन्ह आहे!” असं तो हात हलवून म्हणाला होता. समोर बसलेल्या दोन म्हाताऱ्या तेव्हा खाली मान घालून हसल्या होत्या. का हसल्या ते त्याला आत्ता कळलं.

आता आजी. मूळ सिनेमा काढणारे आणि त्यात खुर्चीतल्या मालकाचं काम करणारे जे गृहस्थ होते, त्यांच्या त्या पत्नी. सिनेमाची परवानगी त्यांच्याकडे. परवानगी देताना त्यांनी एकच अट घातली होती. “बाकी काय हवं ते करा, शेवट मात्र जसाच्या तसा.” वनटेकने तत्काळ हो म्हटलं होतं. दिवे घालवायचे, एकदा कुरकुर करायची, यात बदलण्यासारखं होतं काय?

आणि खुर्चीतला नट. त्याला सगळे ‘महाराज’ म्हणत. लहानपणापासून तो चाकांच्या खुर्चीवर होता. नाटकात त्याने इतके राजे केले होते की मुकुट घातल्याशिवाय लोक त्याला ओळखत नसत. राजा नाटकभर सिंहासनावर बसून असतो आणि येरझाऱ्या घालायला प्रधान असतो, हे त्याच्या पथ्यावर पडलं होतं. आवाज असा की तिकीट न काढता बाहेर उभा असलेला माणूसही सावरून उभा राहावा. पण सिनेमाचं नाव काढलं की तो भडकायचा.

“आजवर तीन सिनेमे केले,” पहिल्या भेटीत त्याने वनटेकला सांगितलं होतं. “तिन्ही वेळा शेवटी मी बरा झालो. एकदा डॉक्टरमुळे, एकदा प्रेमामुळे, आणि एकदा तर नुसती वीज चमकली. बरा झालो रे झालो की मला म्हणायचे, बाहेर जरा चहा घेता का? मी चहा घ्यायचो आणि माझे कपडे घालून भलताच कुणीतरी माळावरून धावत सुटायचा. तिन्ही सिनेमांच्या शेवटी मी चहा पीत होतो. तुझ्यात तसलं काही असेल तर आत्ताच सांग. मी माझ्या सिंहासनावर सुखी आहे.”

वनटेकने छातीवर हात ठेवला होता. “शब्द देतो. पहिल्या शॉटपासून शेवटच्या शॉटपर्यंत तू खुर्चीतच. आणि शेवटचा शॉट तुझाच.” शब्द मनापासून दिला होता, त्यात खोट नव्हती. फक्त सिनेमाचा शेवट बघितला नव्हता.

तर असा तो आता कात्रीत सापडला. आजींना मेकअपच्या खोलीत बसवून त्याने आधी आईला फोन लावला. आईने तो सिनेमा तरुणपणी दोनदा बघितला होता, हे सगळ्या नात्यागोत्याला माहीत होतं.

“आई, ‘खुर्ची हलली’च्या शेवटी काय होतं?”

“शपथ आहे.”

“अगं, तुझा मुलगा तोच सिनेमा काढतोय!”

“काढ की. मी कुठे नको म्हटलं?”

“आई, तो खुर्चीतला माणूस शेवटी उठतो का, एवढंच सांग.”

पलीकडे आई दोनदा खोकली. मग आई म्हणाली, “मी काही बोलले नाही हं.”

“म्हणजे उठतो! आणि तू इतके दिवस गप्प बसलीस? मी रोज रात्री तुला शेवट वाचून दाखवत होतो!”

“मला वाटलं, तू नवीन काहीतरी करतोयस. म्हटलं, शिकलेला मुलगा आहे, असेल काहीतरी. जेवलास का?”

वनटेकने फोन ठेवला. तोवर मॅनेजरने तत्परतेने बाईंना बातमी कळवलेली होतीच. कामाच्या वेळी न सापडणारा हा माणूस चुगलीच्या वेळी बरोबर हजर असायचा. बाईंचा फोन आला.

“वनटेक, माझी जाहिरात गेलीय! ‘तोच थरार, तोच शेवट!’ आणि तुझ्याकडे शेवटच नाही?”

“बाई, आपला नट उठू शकत नाही.”

“मग बरा कर ना त्याला! डॉक्टरचा एक सीन टाक.”

“तो ऐकायचा नाही. मी त्याला शब्द दिलाय.”

“मग दुसऱ्याला उठव. कोट सारखा असला की कोण बघतंय? हे बघ, संध्याकाळपर्यंत शेवट झाला तर सिनेमा तुझा. नाही तर सगळं दुसऱ्या नटाला घेऊन दुसरा दिग्दर्शक करेल, आणि तू परत जावांकडे जा. धाकटीला जुळं होतंय, दोन भाग बाळंतपणात काढायचेत.”

जुळ्याचं नाव ऐकून वनटेकने फोन कानापासून लांब धरला. माणूस वाईट नव्हता हो. पण एका बाजूला दिलेला शब्द आणि दुसऱ्या बाजूला दोन भागांचं बाळंतपण अशी वेळ आली, की भल्याभल्यांचा तोल जातो. त्यात शेवट झाला नाही तर महाराजची सगळी भूमिकाच जाणार; दुसऱ्याला उठवलं तर निदान सिनेमातलं त्याचं बाकीचं काम तरी वाचेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मॅनेजरचा बांधा महाराजसारखाच होता. त्याला मालकाचा जादा कोट चढवायला सांगून वनटेक महाराजजवळ गेला, घसा खाकरला, आणि नेमकं जे बोलायला नको तेच बोलला.

“दमला असशील रे. बाहेर जरा चहा घेतोस का?”

महाराजने त्याच्याकडे असं बघितलं की वनटेकला आपली जीभ छाटून घ्यावीशी वाटली. तेवढ्यात मॅनेजर पडद्यामागून कोटाची बटणं लावत बाहेर आला आणि आरशात स्वतःची पाठ बघायला लागला.

“घेतो की,” महाराज म्हणाला. “चौथ्यांदा.”

त्याने खुर्ची वळवली आणि दाराकडे निघाला. खुर्चीचा एवढासाही आवाज झाला नाही. त्यावरून पहिल्याच दिवशी वाद झाला होता. साउंडवाला म्हणाला होता, “हिचा आवाज का येत नाही? सिनेमात तर खुर्ची कुरकुरते!” तेव्हा महाराज म्हणाला होता, “कारण मी तिला तेल घालतो. कुरकुरणारी चाकाची खुर्ची ही पायांनी चालणाऱ्यांची कल्पना आहे. तू कधी कर्रकर्र वाजणारे बूट घालून दिवसभर फिरतोस का?” मग तो आवाज खोलीतल्या एका जुन्या वेताच्या खुर्चीतून काढावा लागला होता. गोष्टीत मालकाची एक म्हातारी आत्या होती. सिनेमाभर ती त्या वेताच्या खुर्चीत पाठमोरी बसून विणत असते आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. एक शब्द नाही की चेहरा नाही. मॅनेजरने तेवढ्यासाठी बाई कशाला घ्यायची म्हणून एका लोडाला शाल गुंडाळून, वर पांढरा टोप घालून तिथे बसवला होता.

तर महाराज दारापर्यंत गेला आणि बरोबर उंबऱ्यावर थांबला. खटक, खटक. दोन्ही ब्रेक लावले.

आता ती खोली मूळ सिनेमातल्या खोलीच्या मापाने बांधलेली होती. दार एकच, तेही अरुंद. महाराजची खुर्ची त्यात बाटलीत बूच बसावं तशी बसली. वर छत ठोकलेलं होतं. खिडकी होती, पण ती भिंतीवर रंगवलेली होती.

“महाराज, अरे वाट सोड,” वनटेक म्हणाला.

“मी चहा पितोय,” महाराज म्हणाला, आणि बाहेरच्या चहावाल्याला हाक मारली.

थोड्याच वेळात खोलीतल्यांना परिस्थितीची कल्पना आली. पुतण्याचं काम करणारा खलनायक आधी ओरडला. “मला जाऊ द्या! मला दुसरीकडे शूटिंग आहे, तिथे मी न्यायाधीश आहे!” त्याची तिथली मिशी वेगळी होती. वेळ वाचावा म्हणून त्याने इथली निम्मी मिशी सोडवलीही होती, आणि आता ती एका बाजूने लोंबत होती. कॅमेरामनने रंगवलेली खिडकी एकदा ढकलून बघितली. कोट घातलेला मॅनेजर महाराजच्या मागे जाऊन गोड आवाजात म्हणाला, “साहेब, एक मिनिट जरा...”

“कोट काढ,” महाराज मागे न बघता म्हणाला. आवाज सिंहासनावरचा होता. मॅनेजरने कोट काढला, घडी केली, आणि कुणी न सांगता परत खुंटीला अडकवला.

आतल्यांनाही चहा हवा होता. तो महाराजच्या हातूनच आत जाणार हे उघड होतं. त्याने एकेक पेला खांद्यावरून मागे दिला, सगळ्यांना दिला, वनटेकला मात्र दिला नाही. वनटेकने मागितलाही नाही. तो खुर्चीच्या मागे खाली बसला आणि म्हणाला, “चुकलो मी. बाईंनी जावांची भीती घातली आणि मी घसरलो. पण तुला शब्द दिला तेव्हा खोटं नव्हतो बोललो, एवढं तरी खरं मान.”

“तू शेवट न बघता शब्द दिलास.”

“हो.”

“लग्नसुद्धा असंच केलंस का रे?”

“तेही एका टेकमध्येच झालं,” वनटेक म्हणाला. महाराजला हसू आलं, पण त्याने ते चहात बुडवलं. ब्रेक काही काढले नाहीत.

एवढ्यात बाहेरून आजी आल्या. औषध घेऊन, थोडं लवंडून, ताज्यातवान्या होऊन आल्या होत्या. दारात खुर्ची बघून त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली आणि महाराजच्या समोर, उंबऱ्यापलीकडे बसल्या. दोघांची गुडघ्याला गुडघे लावून बैठक जमली.

“काय हो, उठण्याचा सीन कधी?” आजींनी विचारलं.

“आजी,” महाराज म्हणाला, “मला उठता येत नाही. दुसऱ्याला माझा कोट घालून उठवायचं म्हणतात. ते मला मान्य नाही. शेवट थोडा बदलला तर नाही का चालणार तुम्हाला?”

“छे छे! शेवट बदललात तर माझी परवानगी नाही. मग सिनेमाच नाही.”

“का पण? एवढं काय आहे त्यात?”

आजींनी पदर सारखा केला, चष्मा पुसला. महाराज कसलेला नट; समोरचा माणूस कुठे अडखळतो ते त्याला बरोबर दिसायचं. त्याने पेला खाली ठेवला.

“बरं, मला नट म्हणून एक सांगा. ते उठतात तेव्हा त्यांचा चेहरा दिसतो?”

“नाही. पाठ दिसते.”

“एवढा मोठा प्रसंग, स्वतःचाच सिनेमा, स्वतःच हिरो, आणि चेहरा दाखवला नाही? कमाल आहे! मी असतो तर पडदाभर चेहरा लावला असता.”

आजी इकडेतिकडे बघून पुढे वाकल्या. खुर्चीमागे बसलेला वनटेक पुढे वाकला. त्याच्या पाठीवर खलनायक वाकला, आणि त्याची मिशी वनटेकच्या कानात गेली.

“कुणाला सांगू नका हं,” आजी म्हणाल्या. “आमचे हे त्या दिवशी उठलेच नाहीत. सबंध सिनेमा खुर्चीत बसून काढला ना, शेवटच्या दिवशी झोकात उठायला गेले आणि कंबर धरली. जी धरली ती धरलीच. खुर्चीसकट उचलून घरी न्यावं लागलं. आणि सेट तर दुसऱ्या दिवशी मोडायचा होता.”

“मग उठलं कोण?”

“मी.”

सेटवर अशी शांतता झाली की साउंडवाल्याने सवयीने हेडफोन कानाला लावले.

“त्यांचा कोट घातला, केस आत खोचले आणि उठले,” आजी म्हणाल्या. “थिएटरमध्ये लोक किंकाळ्या फोडायचे हो! मी शेवटच्या रांगेत बसून ऐकायचे. सिनेमात दिसायची मला फार हौस होती, पण घरात मोठी माणसं होती, कोण दिसू देतंय? तेवढंच एकदा दिसले. तेही पाठमोरी. नावसुद्धा नाही. ह्यांनी तर सगळ्या गावाला शपथच घालून टाकली. सगळे म्हणायचे काय डोकं आहे! त्यात डोकं कसलं, कुणी ‘ती पाठ कुणाची’ असं विचारू नये म्हणून होती ती शपथ. आणि आता ते रीळही हरवलं. म्हणून म्हटलं, शेवट तेवढा असू द्या. दुसरं काही माझं नाहीच त्या सिनेमात.”

वनटेकने गुपचूप नाक ओढलं. कान मिशीमुळे हुळहुळत होता, पण ते वेगळं. महाराज मात्र आजींकडे एकटक बघत होता, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

“आजी, म्हणजे मूळ शेवटात खुर्चीतला माणूस उठतच नाही. उठते ती बाई!”

“असंच काही नाही... म्हणजे, तसं बघितलं तर हो.”

“मग शेवट जसाच्या तसा करू. वनटेक, ती आत्या!”

“कुठली आत्या? तो लोड आहे.”

“लोडच तर! पुतण्याने माझ्यावर नजर ठेवली, कारण मी मालक. आत्याला त्याने माणसात धरलंच नाही. दिवे जातात, खुर्ची कुरकुरते. माझी कुरकुरते का कधी?”

वनटेकच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. तो ताडकन उठला, त्यामुळे पाठीवरचा खलनायक कॅमेरामनवर आणि कॅमेरामन रंगवलेल्या खिडकीवर गेला. “वेताची! वेताची खुर्ची हलली! आत्या उठली! दिवे येतात, मालक जागच्या जागी, आणि पुतण्याच्या मागे आत्या उभी!”

“आणि या वेळी तिचा चेहरा दिसणार,” महाराज म्हणाला. “काय आजी? पाठ पुष्कळ वर्षं दाखवलीत.”

आजींनी पदराने डोळे टिपले, आणि लगेच व्यवहाराचा मुद्दा काढला. “संवाद असेल ना मला?”

“एक आहे. ‘सगळं बघितलंय मी.’”

“जमेल,” आजी म्हणाल्या. “घरी रोज म्हणते.”

खटक, खटक. ब्रेक निघाले. खलनायक दाराकडे धावला, पण आता वनटेकनेच त्याला कॉलर धरून आत ओढला आणि अर्धी मिशी थुंकी लावून परत चिकटवली. लोडाची शाल आजींच्या अंगावर आली, खुंटीवरचा मालकाचा कोट वर खांद्यावर टाकला. आजी वेताच्या खुर्चीत ऐटीत बसल्या.

“ऍक्शन!”

पुतण्या उशी घेऊन आला. दिवे गेले. काळोख. ‘कुईऽऽ’ अशी खुर्ची कुरकुरली. वनटेक दिवे लावायचा इशारा देणार, तोच परत ‘कुईऽऽ’. मग ‘कुई कुई कुईऽऽ’. मग दबका आवाज, “अगं आई गं!” आजींचा गुडघा धरला होता. वेताची खुर्ची खोलगट, बसताना गोड आणि उठताना वैरी. त्या उठायला बघत होत्या आणि खुर्ची त्यांना सोडत नव्हती. ठरलेली एक कुरकुर ऐकायच्या तयारीत असलेला खलनायक काळोखात तेराव्या कुरकुरीला खरोखर घाबरला. “कोण आहे? कोण आहे तिकडे?” हे त्याच्या संवादात नव्हतं.

दिवेवाल्याने वनटेककडे बघितलं. कुठलाही शहाणा दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला असता. वनटेकच्या तोंडात तो शब्द होताही. पण आयुष्यभराची सवय आडवी आली. त्याने दिवेवाल्याला नुसतं हाताने थांबवलं.

काळोखात महाराजची खुर्ची हलली. तेल घातलेली, आवाज नाही. तो खलनायकाच्या बाजूने, त्याला पत्ता लागू न देता, आजींपर्यंत पोचला, ब्रेक लावले आणि हात पुढे केला. आजींनी तो हात धरला. आयुष्यभर चाकं फिरवलेला हात तो, खांबासारखा घट्ट. एक हिसका, आणि आजी उभ्या!

दिवे आले. पुतण्याने रिकाम्या जागेकडे बघितलं. मालक तिथे नव्हता. तो गर्रकन वळला. मागे शांतपणे बसलेला मालक, त्याचा हात धरून ताठ उभी राहिलेली आत्या, आणि आत्या त्याच्याकडे अशी बघतेय की जन्माचे हिशोब आजच पुरे करणार.

“सगळं बघितलंय मी!” आजी गरजल्या.

खलनायकाने मनापासून किंकाळी फोडली. मिशी गळून पडली.

“कट!” वनटेक म्हणाला. “ओके. पुढे काही नाही. संपलं.” आणि रडायला लागला. महाराजने त्याला चहाचा पेला दिला. चहा गार झालेला होता, पण तो त्याने एका दमात पिऊन टाकला.

“पहिल्यांदाच,” महाराज म्हणाला, “सिनेमाच्या शेवटी मी चहा बाहेर नाही, आत घेतोय.”

सिनेमा टीव्हीवर लागला त्या संध्याकाळी वनटेकच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले होते. मध्यंतरानंतर पडद्यावर तीच जुनी अक्षरं उमटली, बाईंनी हट्टाने टाकायला लावलेली. आईने लगेच उजवा हात वर केला, आणि मुलाकडे असं बघितलं की त्यालाही हात वर करावा लागला. बायको तेव्हा स्वयंपाकघरात होती. शेवट सुरू झाला, दिवे गेले, खुर्ची कुरकुरली, आणि नेमका तिच्या माहेरहून फोन आला.

शेवट झाला. नावं सरकायला लागली. सगळ्यांत वर महाराजचं, आणि त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, आजींचं. आई नाक पुसत म्हणाली, “वाटलंच होतं मला. तेव्हाच मनात म्हटलं होतं, ही पाठ पुरुषाची नव्हे. खांद्यापाशी शिवण ढगळ होती.”

“आई! मग तेव्हाच का नाही सांगितलंस? मी मरता मरता वाचलो!”

“शपथ होती ना रे.”

एवढ्यात बायको फोन ठेवून धावत बाहेर आली. “अहो, संपला? काय झालं शेवटी? उठतो का तो?”

वनटेकने तोंड उघडलं. आईने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, “शपथ आहे.”

बायको फणकाऱ्याने आत गेली. त्या दिवशी त्याच्या पानात आमटीच आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वयंपाकघरात डोकावून, आयुष्यात पहिल्यांदाच, अगदी हळू आवाजात विचारलं, “दुसरा टेक मिळेल का?”